वाचकांचे प्रश्न : सड्यावरचा विरोध

प्रश्न : आमच्या राजापूर तालुक्यात प्रकल्पाला विरोध केला की ‘विकासविरोधी’ हा शिक्का बसतो. औद्योगिक संस्कृती मुळातूनच नाकारणारा विचार कोकणाला परवडेल का?

उत्तर : हा विचार परका नाही, यंत्राधिष्ठित संस्कृतीच्या मुळावरच गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये घाव घातला होता. तो विचार मला संपूर्ण मान्य नाही, कारण कोकणातल्या कितीतरी चुली मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर पेटल्या, हे विसरता येणार नाही. मात्र त्या विचाराने उभा केलेला प्रश्न खरा आहे : कशाला ‘पडीक’ म्हणायचे, हे कोण ठरवणार? सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात गुरे चरतात, जांभ्याच्या भेगांतून मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना आणि वहाळांना (ओढ्यांना) मिळते, आणि बारसूच्या कातळावर तर प्राचीन कातळशिल्पे आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. एप्रिल २०२३ मध्ये तेथील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणाला बायाबापड्यांनी रस्त्यावर आडवे पडून विरोध केला, तो या पाण्यासाठी आणि आंबा-मासळीसाठीही होता. त्याला विकासविरोध म्हणणे अन्याय्य आहे.

यंत्रांची मोडतोड किंवा जाळपोळ मात्र मी कदापि समर्थनीय मानत नाही. तिची किंमत शेवटी गावातली पोरे खटल्यांच्या रूपाने मोजतात. पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात ग्रामसभेला निर्णयात स्थान देण्याचा आग्रह धरला होता. आपणही ग्रामसभेचा लेखी ठराव करावा, पर्यावरणीय जनसुनावणीआधी मिळणाऱ्या किमान ३० दिवसांत आघात अहवाल, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल, मराठीतून मागावा आणि आपल्या विहिरी व वहाळ त्यात नोंदले आहेत का, हे स्वतः तपासावे.