जादा लाइट, जळालेली वायरिंग आणि उरलेले सोळा दिवस

यावल तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र आहे. भुसावळला रात्रपाळीला जावे लागते, म्हणून त्यांनी मोटारसायकलला पुढे २० वॉटचे दोन एलईडी लाइट बाजारातल्या दुकानात बसवून घेतले. सात महिन्यांनी रात्री घरी येताना हँडलच्या मानेपाशी धूर आला, मग जाळ झाला. मुख्य वायरिंग, मीटर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेले. सर्व्हिस सेंटरने ३८,००० रुपयांचा अंदाज हातात दिला आणि बाहेरचे काम झाले आहे म्हणून वॉरंटी नाकारली. विमा कंपनीने पत्र पाठवून दावा फेटाळला. तेव्हापासून एजंट ‘वरती बोलतो’ एवढेच सांगतो. वाचकांचा प्रश्न असा की कंपनीला वकिलाची नोटीस पाठवली तर काम होईल का?

चोपड्यापासून रावेरपर्यंतच्या पट्ट्यातून अशी पत्रे सतत येतात आणि जवळजवळ प्रत्येकात नोटिशीचाच प्रश्न असतो. माझे उत्तर: नोटीस पाठवू नका. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात थेट तक्रार दाखल करा, आणि तीही सोळा दिवसांच्या आत.

हे सोळा दिवस कुठून आले ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रकरणाचा निकाल त्यावरच लागणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. तुम्ही ही दोन वर्षे विमा कंपनीच्या नकारपत्रापासून मोजत आहात, म्हणून तुम्हाला अजून अडीच महिने हातात दिसतात. बरेच आयोग तसे मोजतातही. पण तंबाखूच्या गोदामाला लागलेल्या आगीच्या एका विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मुदत आगीच्या तारखेपासूनच धरली होती. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तो निकाल पुढे ठेवील. शिवाय लाइट बसवणाऱ्या दुकानदाराच्या बाबतीत तर वादच नाही. त्याच्या सेवेतला दोष उघड झाला तो गाडी पेटली त्या रात्री. तुम्ही जोडलेल्या कागदांवरून त्या रात्रीला दोन वर्षे पुरी व्हायला, हे लिहीत असताना, सोळा दिवस आहेत.

नोटिशीने ही मुदत थांबत नाही. स्मरणपत्राने नाही, एजंटाच्या आश्वासनाने तर नाहीच. ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी नोटीस द्यायलाच हवी अशी कायद्यात सक्तीही नाही. तुम्ही आता नोटीस काढली, तीत पंधरा दिवसांची मुदत दिली, कंपनीने उत्तर द्यायला आणखी महिना घेतला, की तुमच्या हातात विलंब माफीचा अर्ज तेवढा उरेल. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण सबळ कारण लागते. ‘एजंट म्हणाला थांबा’ हे कारण मंजूर झाले तर नशीब समजा.

आणि भाऊ, या काळात तुम्ही एक फुकटचा रस्ताही घालवलात. विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नकारपत्रापासून एका वर्षात जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. ते वर्ष एजंटाच्या फोनची वाट पाहण्यात गेले. तुमच्याच पॉलिसीच्या अटींत आणखी एक ओळ आहे, ती वाचलेली दिसत नाही: कंपनीने दावा नाकारल्यापासून बारा महिन्यांत न्यायालयात दावा केला नाही, तर तो सोडून दिला असे धरले जाईल. कंपनी ती ओळ नक्की काढील. करार कायद्याच्या कलम २८ मध्ये १९९७ साली दुरुस्ती झाली आहे. ठरावीक काळानंतर हक्कच संपवून टाकणारी अट तिच्यामुळे त्या मर्यादेत निरर्थक ठरते, तेव्हा ही ओळ टिकू नये असे माझे मत आहे. खात्री मात्र देत नाही.

आता नकारपत्र. त्यात दोनच कारणे लिहिली आहेत: ‘जाहीर न केलेली विद्युत अ‍ॅक्सेसरी’ आणि ‘इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन’. हा कागद जपून ठेवा. पत्रात न दिलेले नवे कारण विमा कंपनीला नंतर आयोगापुढे उभे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणजे लाइट बेकायदा होते, गाडीची काळजी घेतली नव्हती, असे आता सुचले तरी उपयोग नाही. दुकानातल्या मेकॅनिकने ‘लाइटच बेकायदा, मग क्लेम कसला’ असे सांगितले असेल, तर त्याच्याकडून कायद्याचा सल्ला घेऊ नका.

पहिल्या कारणात दम कमी आहे. बाहेरून बसवलेली विद्युत फिटिंग्ज पॉलिसीत नोंदवायची आणि त्यांचा जादा हप्ता भरायचा, हे खरे. तुम्ही ते केले नाही, म्हणून त्या दोन लाइटांची किंमत मिळणार नाही. पण त्यामुळे मूळ गाडीवरचे आगीचे संरक्षण संपत नाही. दुसऱ्या कारणावर खरा वाद होईल. पॉलिसीत आग आणि आपोआप पेटणे यांचा धोका धरलेला आहे, पण निव्वळ विद्युत बिघाड वगळलेला आहे. जाळ झाला होता की तारा नुसत्या वितळल्या होत्या, एवढ्यावर हे ठरेल. वगळणारे कलम लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असली, तरी तुमच्याकडे पुरावा असावा. प्लास्टिकच्या भागांवर काजळी आहे का, टाकीचा रंग फुगला किंवा करपला आहे का, सीटची कड पेटली आहे का, याचे फोटो लागतील. तुम्ही म्हणता की गाडी अजून सर्व्हिस सेंटरच्या आवारात तशीच उभी आहे. एवढे एक बरे झाले. तिला कोणालाही हात लावू देऊ नका.

दुकानदाराविरुद्धची बाजू मला जास्त भक्कम वाटते, आणि त्याचे कारण तारेत आहे. तुमच्या वर्णनाप्रमाणे त्याने प्लसची तार थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतली, हँडलवरच्या स्विचमधून लाइटला नेली, जोड पिळून वर काळी टेप गुंडाळली. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. गाडीचा मुख्य फ्यूज टर्मिनलच्या पुढे असतो. टर्मिनलवरून निघालेल्या तारेला तो वाचवत नाही. दोन लाइट मिळून ४० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला सव्वातीन अँपिअरच्या आसपास. एवढ्याने तार पेटत नाही. पण हँडल वळवताना मानेपाशी तार रोज घासली जाते, आवरण फाटते, तांबे चासीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या सांगाड्याला टेकते, आणि मग बॅटरी देईल तेवढा सगळा प्रवाह त्याच तारेतून जातो. काही सेकंदांत तार लाल होते आणि शेजारच्या मूळ वायरिंगला सोबत घेऊन जाते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे टेपचा डिंक पातळ होऊन जोड उघडे पडतात, हे खानदेशात कोणत्याही इलेक्ट्रिशियनला विचारा. काही रुपयांचा फ्यूज बॅटरीपाशी असता तर तो उडाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

म्हणून जाळ नेमका कुठे सुरू झाला हे दाखवणे महत्त्वाचे. मानेपाशी तारेची टोके गोल मणी झाल्यासारखी वितळली असतील, तर ती शॉर्टसर्किटची चांगली खूण मानतात. ती टोके कापू नका, घासू नका, जागेवरच पट्टी ठेवून जवळून फोटो काढा. बॅटरीच्या टर्मिनलवर फ्यूजविना जोडलेली तार स्पष्ट दिसेल असा एक फोटो हवाच. त्या दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे किंवा तंत्रनिकेतनातल्या जाणकाराचे शपथपत्र घ्या. गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

दुकानाचे बिल तुम्ही घेतले नाही. का घेतले नाही हे विचारत नाही, कोणीच घेत नाही. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्या दिवसाची नोंद आणि बँकेचा उतारा काढा. दुकानदाराशी आणि एजंटाशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश, फोटो यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना काटेकोर बांधलेला नसतो, पण समोरचा वकील हरकत घेणारच. पॉलिसी पूर्ण, अटींच्या पानांसह लावा. तुमच्याकडे एक पानी प्रमाणपत्रच दिसते. सर्व्हेअरच्या (नुकसान पाहून गेलेल्या तपासनिसाच्या) अहवालाची प्रत कंपनीकडे आजच ईमेलने मागा आणि तिची वाट न पाहता तक्रार करा. आयोगामार्फत ती नंतर मागवता येईल.

तक्रार एकच करा. विमा कंपनी आणि दुकानदार, दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. वाहन कंपनीला ओढायचे की नाही हे वॉरंटी पुस्तिका पाहून ठरवा. बहुतेक पुस्तिकांत वायरिंगला छेडछाड झाली की वॉरंटी संपते, त्यामुळे मला तिथे फार आशा दिसत नाही. मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही भरलेले पैसे, ५ लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते आणि ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका, पोर्टल अडकले तर कोणाला सांगणार? कायद्यात उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५, आणि तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल असे लिहिलेले आहे. उत्तराची मुदत पाळली जाते, कारण त्याबाबत सर्वोच्च न्यायालय २०२० मध्ये कडक झाले. तीन महिन्यांचे मात्र मनावर घेऊ नका. आयोगात सदस्यांच्या जागा रिकाम्या असल्या की तारखाच पडत राहतात.

पुन्हा लाइट लावू का, असेही विचारले आहे. चलानाच्या बाबतीत मत एक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला बदल म्हणजे गाडीचे मूळ स्वरूप बदलणारा बदल, त्यात दोन छोटे लाइट बसतात असे मला वाटत नाही. पण कलम १८२अ खाली बाहेरचे भाग बसवल्याबद्दल ५,००० रुपये दंड सांगणारा अधिकारी भेटू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ मात्र स्पष्ट आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे आणि अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटरवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये. नियम १११ नुसार स्पॉटलाइटला नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. तेव्हा रुंद आणि खाली पडणाऱ्या झोताचे लाइट घ्या, हेडलाइटच्या खाली बसवा.

जोडणी अशी हवी: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ५, फार तर ७.५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून १ चौरस मिलिमीटरची तार लाइटला. ८६ ला पार्किंग लाइटची लाइन हँडलवरच्या स्विचमधून, म्हणजे चावी बंद केली की लाइट बंद. ८५ आणि लाइटचे मायनस थेट बॅटरीच्या मायनसला. मानेपाशी तारेला ढील आणि वर स्लीव्ह. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, म्हणून सगळे पेटवून इंजिन थोडे वाढवा आणि बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. साडेतेरा व्होल्टच्या खाली राहत असेल तर तुमच्या गाडीला हा भार झेपत नाही. काम झाल्यावर वॉट आणि फ्यूज लिहिलेले बिल घ्या आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.

पण हे सगळे नंतर. उद्या सकाळी सर्व्हिस सेंटरला लेखी द्या की आयोगाचा आदेश येईपर्यंत गाडीची वायरिंग उतरवू नये, आणि त्या अर्जावर पोच घ्या. उभी ठेवण्याचे भाडे ते मागतील. पावती घेऊन भरा आणि ती रक्कम तक्रारीतल्या मागणीत धरा.