भिशीचे एक लाख हातात येतायत, सोनं घेऊ की एसआयपी?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला, सोबतचा हिशोबाच्या कागदाचा फोटो तीनदा बघितला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. नाशिकचं घर, दोघांचा पगार मिळून ५५ हजार, वीस बायकांची महिना ५ हजारांची भिशी आणि पुढच्या महिन्यात तेरावा नंबर ताईंचा, म्हणजे १ लाख हातात. क्रेडिट कार्डावर ६२ हजार बाकी, त्याचे दर महिन्याला मिनिमम ३,१०० भरतायत. प्रश्न असा की त्या लाखात मुलीसाठी पाटल्या करायच्या, का दीर म्हणतायत तशी एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) टाकायची, शिवाय मिस्टरांचं म्हणणं पतसंस्थेत ठेवू, ९ टक्के देतात.

पहिली गोष्ट, तो लाख पूर्ण तुमचा नाहीये हो. तेरावा हप्ता धरून तुमचे गेले ६५ हजार, उरलेले ३५ हजार बाकीच्या बायकांचे, ते पुढचे सात महिने तुम्ही फेडणार आहात. बिनव्याजी उसने समजा. भिशीत पहिले नंबर घेणारा कर्ज घेतो आणि शेवटचा नंबर घेणारा सगळ्यांना बिनव्याजी पैसे वापरायला देतो, हे कुणी बोलत नाही पण असंच असतं ते.

आता कार्ड. तुमच्या स्टेटमेंटवर व्याज महिना साडेतीन टक्के दिसतंय, म्हणजे वर्षाला ४२. ६२ हजारांवर महिन्याचं व्याज झालं २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २,५६० रुपये. तुम्ही भरता ३,१००. मुद्दलात गेले किती, तर ५४०! वर "आकडा हलतच नाही" असं लिहिलंय तुम्ही, कसा हलेल, त्यात किराणा अजून त्याच कार्डावर चाललाय आणि मागची बाकी असली की नवीन खरेदीला ते पन्नास दिवसांचं बिनव्याजी वगैरे मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज चालू. दिरांना विचारा, ४२ टक्क्यांची खात्री देणारी एसआयपी कुठली आहे ते, मी पण टाकतो.

तर माझं सरळ मत, नंबर लागला की त्याच दिवशी ६२ हजार कार्डात. मिनिमम नाही, टोटल ड्यू. पुढच्या बिलात मागच्या काही दिवसांचं थोडं व्याज परत येईल, घाबरू नका, तेही भरून टाका आणि मग सहा महिने कार्ड कपाटात.

पाटल्यांचं आत्ता नको. मजुरी गेली, वर ३ टक्के जीएसटी गेला, उद्या मोडायला गेलात तर सराफ वजनाचे पैसे देईल, मजुरीचे नाही. घालायला हव्या असतील तर हौस म्हणून जरूर करा, पण कर्ज फिटल्यावर. आणि पतसंस्था, तर बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतही असतो, पतसंस्थेला तो नाही. उरलेले ३८ हजार बँकेत एफडी करा, नाव द्या "दवाखाना", विषय संपला.

खरं मला बोलायचंय ते वेगळंच. तुम्ही लिहिलंय "आम्हाला बचतीची सवयच नाही". अहो, सलग बारा महिने न चुकता ५ हजार दिलेत ना भिशीला! सवय आहे, पण चारचौघींत नाव जाईल या धाकानं आहे, स्वतःसाठी ठेवायचे म्हटलं की धाक कुणाचाच नसतो. मग तो धाक बँकेला घालू द्या. तुमचा पगार १ तारखेला होतो, २ तारखेला ४ हजार आपोआप दुसऱ्या खात्यात जातील असं लावून टाका, आणि त्या खात्याला ना यूपीआय जोडायचं ना एटीएम कार्ड घ्यायचं.

४ हजारच का, तर तुमच्याच कागदावर आहे. शाळेची फी २४ हजार, दिवाळी १५, गावची जत्रा ६, गाडीचा इन्शुरन्स ३. झाले ४८ हजार, भागिले बारा. दरवर्षी येणारे खर्च आहेत हे, तरी दरवर्षी जूनमध्ये "अचानक" फी आली म्हणून कार्ड घासलं जातं, तुमचे ६२ हजार तिथूनच सुरू झालेत. कार्डाचे ३,१०० सुटणारच आहेत, वरचे ९०० फक्त शोधायचेत.

ते कुठून, तर "इतर ७,०००" असं जे लिहिलंय तिथून. त्या फोटोत मागे भिंतीवर कालनिर्णय दिसतंय, प्रत्येक चौकोनात दुधाचा आकडा, "१", "१॥", एका दिवशी "नाही". दुधाचा अर्धा लिटर चुकत नाही तुमचा आणि ७ हजार कुठं गेले ते माहीत नाही! त्याच चौकोनात दुधाच्या खाली रात्री दोघांच्या फोनमधला त्या दिवशीचा यूपीआयचा एकच आकडा लिहा, कशाला गेले ते नाही लिहिलं तरी चालेल. अ‍ॅप वगैरे नको, मी स्वतः तीन अ‍ॅप टाकून सोडलीत, दहा दिवसांच्या वर कुठलंच टिकलं नाही.

सात महिन्यांनी भिशी संपेल तेव्हा ५ हजार मोकळे होतील, त्यातले ३ हजार इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) एसआयपीत, २ हजार दवाखान्याच्या एफडीकडे. मुलगी सात वर्षांची आहे, दहा वर्षं हात लावायचा नसेल तरच एसआयपी, नाहीतर बँकेतली एफडीच बरी. आणि ती नवीन १० हजारांची भिशी विचारतायत ती नको, आत्ताची आहे ती गल्लीतल्या ओळखीची आहे, नवीन वाल्या तुम्ही म्हणता ऑफिसमधल्या कुणाच्या तरी नात्यातल्या, कुठं नोंदणी नाही, कागद नाही, मधेच कुणी हप्ते थांबवले तर मागायचे कुणाकडे?

मिस्टरांना हे वाचून दाखवा, पतसंस्थेवरून वाद घालतील, घालू देत. आणि महिन्याचं पान भरलं की कालनिर्णयाचा फोटो पाठवा, दुधाच्या आकड्यांसकट, मग ते ९०० कुठं सापडतायत ते बघू.