सेरेब्रल पाल्सी असलेला माझा मुलगा आता गुडघे वाकवून चालू लागलाय, काय करावं?

तुमचा मुलगा 9 वर्षांचा, आधी चवड्यांवर चालायचा, आता गुडघे वाकलेले राहतात आणि लवकर दमतो, असं तुम्ही लिहिलंय. याला क्राउच गेट म्हणतात. उंची-वजन वाढू लागलं की अनेक मुलांमध्ये हे वाढत जातं, म्हणून वाट बघत बसू नका.

दोष एकट्या गुडघ्याचा क्वचितच असतो. मांडीचे मागचे स्नायू अनेकदा आखडलेले असतात, पण पोटरी कमजोर असेल तर पाऊल टेकल्यावर नडगी पुढे झुकते आणि गुडघा आपोआप वाकतो. त्यामुळे कुणी नुसतं टाचेची शीर लांब करण्याचं ऑपरेशन सुचवलं, तर दुसरं मत घ्याच. पोटरी आणखी ढिली पडली तर चाल बिघडते. शस्त्रक्रिया लागलीच तर शक्यतो चालीची नीट तपासणी करून, कंबर-गुडघा-घोट्याचं सगळं एकाच वेळी करतात.

नुसतं ताणून भागत नाही, ताकद हवी. कमी उंचीच्या स्टुलावरून हात न टेकता सावकाश उठणं-बसणं, गुडघे बाहेर-आत न जाऊ देता, हा रोजचा उत्तम व्यायाम. किती वेळा, ते फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या. नडगीला पुढून आधार देणारा एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा ब्रेस) चालेल का, तेही विचारा. वॉकर लागत असेल तर मागून ओढायचा घ्या, पाठ ताठ राहते. बोटॉक्सचा (आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा) परिणाम साधारण 3 ते 6 महिने टिकतो, तेवढ्यात व्यायाम जोरात व्हायला हवा.

आणि खुब्याचा एक्स-रे अलीकडे काढला नसेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीतच मागून घ्या.