अमेरिकेत लांब पल्ल्याच्या पायवाटेला राष्ट्रीय संरक्षण कसे मिळते आणि त्याने काय बदलते?

‘नॅशनल सीनिक ट्रेल’ (राष्ट्रीय निसर्गरम्य पायवाट) हा दर्जा फक्त अमेरिकी काँग्रेस कायदा करून देऊ शकते आणि त्यासाठी वाट साधारणपणे १०० मैलांहून, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरहून लांब असावी लागते. या व्यवस्थेचा पाया १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट कायद्याने घातला आणि त्याच कायद्याने ॲपलाचियन व पॅसिफिक क्रेस्ट या दोन वाटांना हा दर्जा पहिल्यांदा मिळाला.

मात्र दर्जा मिळाला म्हणजे जमीन मिळाली, असे समजू नये. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी ॲपलाचियन वाट १९३७ सालीच सलग झाली होती. पण तिचा बराच भाग खासगी जमिनीतून जात असल्याने, मालकाने परवानगी काढून घेतली की झाडांच्या खोडांवरचे, वाट दाखवणारे दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे पुसून ते दुसरीकडे, कित्येकदा चक्क डांबरी रस्त्याच्या कडेने, रंगवावे लागत. माझ्या मते खरा बदल या कायद्याच्या १९७८ च्या दुरुस्तीने घडवला, कारण तिने जमीन संपादनाला वेग दिला आणि आज ही वाट जवळजवळ संपूर्णपणे सार्वजनिक किंवा संरक्षित जमिनीवरून जाते. सर्वसामान्यांच्या मोटारगाड्यांना अशा वाटांवर बंदी असते. देखभालीचे काम मात्र आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात.