“मॅडम, मला आता काहीच व्हायचं नाहीये”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“मला आता काहीच व्हायचं नाहीये. हे बरं लक्षण नाही ना?” समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच मला विचारलं.

वय ४२. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागाचे प्रमुख. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलीने घरातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारला होता: ‘बाबा, तुला काय व्हायचंय?’ ‘व्हायचं होतं’ नाही, ‘व्हायचंय’. त्यांना उत्तर सुचेना. त्या रात्री झोपही लागली नाही.

असा प्रश्न घेऊन कुणी आलं की आधी नैराश्याची शंका दूर करावी लागते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन बहुतेक वेळ उदास आहे का, कशातच रस उरला नाही असं होतंय का, झोप आणि भूक कशी आहे, जगणं नकोसं वाटतं का, हे मी सविस्तर विचारलं. तसं काही नव्हतं. माणूस हसत होता, कामावर नीट जात होता. फक्त ‘पुढे काय’ या खणात हात घातला की तो रिकामाच बाहेर येत होता.

मी कागद दिला आणि आजवर जे जे व्हावंसं वाटलं, ते वयासकट लिहायला सांगितलं. पाचव्या वर्षी क्रेन चालवणारा. सातव्या वर्षी नर्स. (टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या वेळी एका नर्सने रात्रभर येऊन येऊन विचारपूस केली होती.) बाराव्या वर्षी सर्जन, सोळाव्या वर्षी वैमानिक, बाविसाव्या वर्षी ‘मोठ्या कंपनीत मॅनेजर’, तिसाव्या वर्षी विभागप्रमुख. ते पद ३६ व्या वर्षी मिळालं. त्यापुढे कोरं.

हा कागद मला व्यवसायनिवडीच्या अभ्यासक लिंडा गॉटफ्रेडसन यांच्या १९८१ च्या मांडणीचं उदाहरणच वाटला. त्यांच्या मते मुलं स्वप्नं जमवत कमी आणि गाळत जास्त जातात. अगदी लहानपणी मोठं, ताकदवान काहीतरी हवं असतं, म्हणून क्रेन. सहा ते आठच्या सुमारास ‘हे मुलांचं, ते मुलींचं’ ही चाळणी लागते. नऊ ते तेरामध्ये प्रतिष्ठेची. स्वतःची आवड त्यानंतर, चौदाच्या पुढे विचारात येते, आणि तोवर बरंच काही चाळून गेलेलं असतं. ‘नर्स’ किती दिवस टिकलं, असं मी विचारलं. “एक दिवस. वर्गात सांगितलं, सगळे हसले, संपलं.”

वैमानिकाची गोष्ट तर याहून छोटी. चष्मा लागला आणि एक मित्र म्हणाला, आता विसर. यांनी विसरलं. नागरी विमानसेवेत चष्मा लावून ठरलेल्या निकषाइतकं दिसत असेल, तर वैद्यकीय परवानगी मिळू शकते. हवाई दलाचे नियम वेगळे आणि कडक. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग हसले. “२६ वर्षं मी चष्म्याला शिव्या घालतोय! पण खरं सांगू? विमानात बसलो की मी अजूनही खिडकीबाहेर नाही, घड्याळाकडेच बघतो.”

तिथे स्वप्नाचं सुतक फिटलं असावं. सोडून दिलेलं प्रत्येक स्वप्न म्हणजे नुकसान, असं मी मानत नाही. काही स्वप्नांची वेळ निघून गेलेली असते, एवढंच. मात्र ती कुणी सोडायला लावली, हे एकदा बघून घ्यावं.

पुढच्या बैठकीत माझी चूक झाली. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी माणसांच्या आवडींचे सहा प्रकार मांडले आहेत; त्यांवर आधारलेली प्रश्नावली मी भरून घेतली. माणसांना मदत करण्याच्या प्रकारात गुण सर्वांत जास्त आले. मी उत्साहाने म्हटलं, “तुम्ही प्रशिक्षक होऊ शकता!” ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे पुन्हा कुणीतरी व्हायचंच का?”

बरोबर होतं त्यांचं. कागदावरच्या सगळ्या स्वप्नांचं क्रियापद एकच होतं, ‘होणं’. तिशीपर्यंत ते चालतं, कारण पुढची पायरी दिसत असते. चाळिशीत पायऱ्या विरळ होतात आणि स्वप्न ‘होणं’ सोडून ‘करणं’ धरतं. पण त्याला स्वप्न म्हणायची आपल्याला सवय नसते. हे समजायला अभ्यासकांनाही वेळ लागला. एली गिंझबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये लिहिलं होतं की व्यवसायाची निवड विशीच्या आसपास पक्की होते आणि बहुतांशी मागे फिरत नाही. १९७२ मध्ये गिंझबर्ग यांनी स्वतःच ते बदललं: निवड कामाच्या सगळ्या वर्षांत चालूच राहते. मग आपण कशाला ओशाळायचं?

मी प्रश्न बदलला. गेल्या दोन महिन्यांत कोणत्या दिवशी घड्याळ बघायचं विसरलात? त्यांना थोडा वेळ लागला. नवीन लागलेल्या एका मुलाने ऑर्डरमध्ये मोठी चूक केली होती. त्याला न ओरडता, ती कुठे झाली हे शोधत ते त्याच्याबरोबर संध्याकाळपर्यंत बसले होते.

सातव्या वर्षीची नर्स आणि हा मुलगा, यांच्यात धागा ओढायचा मोह मला झाला. ओढला नाही. असे धागे समुपदेशकाला फार चटकन दिसतात.

राजीनाम्याचा विषय त्यांनी दोनदा काढला, मी दोन्ही वेळा पुढे ढकलला. आधी आहे त्या नोकरीत काय हलतंय ते पाहू, असं ठरलं. नव्याने लागणाऱ्यांची पहिली तीन महिन्यांची तयारी माझ्याकडे द्या, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. आठवड्यातला एक दिवस मिळाला. त्याच सुमारास ज्या बढतीसाठी त्यांचं नाव होतं, ती दुसऱ्याला मिळाली. पंधरा दिवस ते चिडलेले होते, आणि ‘काहीच व्हायचं नाही’ म्हणणाऱ्याला एवढा राग का यावा, यावर आमची एक अख्खी बैठक गेली. राग अजून पूर्ण गेलेला नाही. एक दिवसाचे मात्र दोन झाले आहेत.

शेवटच्या बैठकीत मी मुलीच्या प्रकल्पाचं विचारलं. तो कधीच जमा झाला होता. वाट बघून कंटाळून बाबांच्या रकान्यात तिने स्वतःच लिहून टाकलं होतं, ‘झोपायचंय’. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती.