भाऊ म्हणतो आजीचा मलिदा धर्मात बसत नाही

प्रश्न: मावशी, मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, वय ३१. माझा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी इस्राएलला गेला आणि तिथे खूप धार्मिक झाला. मागच्या वेळी घरी आला तेव्हा आईच्या हातचं काहीच खाल्लं नाही, भांडी कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे शुद्ध, नाहीत म्हणे. आजीने त्याच्यासाठी मलिदा, म्हणजे प्रार्थना म्हणून खायचं गोड पोह्यांचं ताट, ठेवला तर सगळ्यांसमोर म्हणाला हे इथल्या लोकांचं बघून उचललंय, ज्यू धर्मात असलं काही नाही. आजी रडली. आत्या लिबरल, म्हणजे मोकळ्या विचारांच्या, सिनेगॉगला (ज्यू प्रार्थनास्थळाला) जाणारी, ती म्हणते त्याच्याकडे लक्षच देऊ नका. पप्पा म्हणतात सगळंच थोतांड. आणि माझं एका मराठी हिंदू मुलावर प्रेम आहे, ते फक्त आईला माहितीये, पण भावाला संशय आलाय आणि तो म्हणतो असं काही केलंस तर तू आपल्यातली राहणार नाहीस. डिसेंबरमध्ये तो परत येतोय. आपण एवढेसे लोक आणि त्यात एवढी मतं. नक्की खरा ज्यू कोण, ते तरी सांगा.

उत्तर: बाळा, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला सगळ्यात जास्त छळतोय असं दिसतंय. खरा ज्यू कोण हे तुमच्या घरात ठरणार नाही, कारण ते इस्राएलमध्येही अजून ठरलेलं नाही. तिथल्या परतीच्या कायद्यात, म्हणजे ज्यूंना तिथे येऊन राहायचा हक्क देणाऱ्या कायद्यात, १९७० मध्ये बदल झाला, तेव्हापासून आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असेल तरी नागरिकत्व मिळतं, पण तोच माणूस लग्न लावायला रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) ऑफिसात गेला की ते विचारतात तुझी आई ज्यू होती का, आणि नसेल तर लग्न लागत नाही. सिव्हिल मॅरेज तिथे नाहीच, म्हणून कितीतरी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात आणि मग तेच सरकार ते लग्न नोंदवूनही घेतं. एकाच माणसाला एकाच देशात दोन उत्तरं मिळतात आणि लोक ती दोन्ही घेऊन जगतात, मुलं वाढवतात, म्हाताऱ्यांना सांभाळतात. तेव्हा तुझ्या घरात एका टेबलावर चार मतं बसली म्हणून काही बिघडलंय असं समजू नकोस.

आता भावाबद्दल. तो आजीला जे बोलला ते चुकलंच, त्यावर पुढे येते, पण तो असा का झाला याचा जरा विचार कर. १९६२ ते १९६४ या काळात तिथल्या मुख्य रब्बींनी नियम काढला होता की बेने इस्राएल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा, जितक्या पिढ्या मागे जाता येईल तितक्या. आपले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, प्रकरण थेट क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गेलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये त्या नियमातून आपलं नाव काढावं लागलं. याला साठ वर्षं होऊन गेली हे खरं, पण "तुम्ही नक्की ज्यू का?" हा प्रश्न काही एका सरकारी कागदाने संपत नाही गं, आणि मला वाटतं तुझ्या भावाने तो कुठेतरी ऐकला असणार, चेहरा बघून, आडनावात शेवटी 'कर' बघून. मग माणूस ठरवतो की मी इतका काटेकोर होईन की कोणाला बोट ठेवायला जागाच राहणार नाही, आणि तीच काटेकोर नजर घेऊन तो आईच्या स्वयंपाकघरात येतो. त्याला माफ कर असं मी म्हणत नाहीये, फक्त त्याच्याशी बोलताना हे लक्षात असू दे.

आणि आपणही काही कमी नव्हतो, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्यात हे कोणी बोलत नाही. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद आपणच पाळला, ज्यांची आई किंवा आजी बाहेरची त्यांना काळे म्हणायचं, त्यांच्याशी सोयरिक करायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललं ते. दुसरीकडे मुंबईच्या बगदादी मंडळींनी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंनी, १८३६ मध्ये सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घालून द्या. म्हणजे मेल्यावरसुद्धा वेगळं! पुण्यात बघ, डेव्हिड ससूनने बांधलेलं लाल देऊळ हे सिनेगॉग बगदाद्यांचं आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो आपलं. आज सगळे मिळून भारतात जेमतेम चार-पाच हजार उरलोय, मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवताना नाकी नऊ येतात. ज्या भेदांसाठी एवढी भांडणं झाली ते सांभाळायला आता माणसंच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं, खरंच.

भावाला शास्त्र आवडतं ना, मग त्याच्याशी शास्त्रातूनच बोल. दोन हजार वर्षांपूर्वी हिल्लेल आणि शम्माय या धर्मपंडितांच्या दोन शाळा होत्या, त्यांचं शेकडो गोष्टींवर पटायचं नाही, कोणाशी लग्न चालतं यावर नाही, कुठलं भांडं शुद्ध यावरही नाही. पण मिश्नामध्ये, म्हणजे आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, स्पष्ट लिहून ठेवलंय की तरीही त्यांनी एकमेकांच्या घरात सोयरिक करणं थांबवलं नाही आणि एकमेकांची भांडी वापरणंही थांबवलं नाही. लग्न आणि भांडी, तुझ्या पत्रातली दोन्ही दुखणी! आणि हे जमलं कसं तर तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, येतं की ते एकमेकांना आधीच सांगायचे, बाबा हे तुझ्या मताप्रमाणे चालणारं नाही, म्हणजे समोरचा फसायचा नाही. मतं बदलली नाहीत पण लपवलं काही नाही. तुझ्या घराला मला हेच हवंय.

म्हणून भांड्यांचं आत्ताच मिटवून टाक, तो यायच्या आधी. त्याला फोन करून सरळ विचार, तुला घरी जेवायला काय काय लागेल, यादी पाठव. नवीन स्टीलची दोन पातेली, एक तवा, ताट-वाटी, वेगळी शेगडी, एवढ्यात काम होतं. नवीन भांडी मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या पाण्यात, बुडवावी लागतात, आणि समुद्र हा शास्त्राप्रमाणे मिकवेच आहे, तेव्हा त्यालाच म्हण अलिबागला जाऊ आणि तू स्वतः बुडवून आण. मटण-चिकनचं त्याचं त्याला ठरवू दे, आईने नारळाच्या दुधातली भाजी केली तरी पुष्कळ, दूध-मटण एकत्र नको म्हणून आपल्या बायका नारळाचं दूध वापरत आल्यात हे तो विसरला असेल तर आठवण कर. शाब्बाथला (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाला) मनुकांचं सरबत करता ना? ते किद्दूशला, म्हणजे द्राक्षारसावरच्या प्रार्थनेला, चालतं, हवं तर तो त्याच्या रब्बींना विचारून घेईल. आईला मात्र समजावून सांग की वेगळं पातेलं म्हणजे तिच्या हाताचा अपमान नाही, मुलगा तिच्या घरात जेवतोय हे महत्त्वाचं. आईला थोडं वाईट वाटेलच, वाटू दे.

मलिद्यावर मात्र मी आजीच्या बाजूने आहे, पूर्ण. ताट कोकणातलं आहे यात लपवण्यासारखं काय? गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, फळं, हे आपल्याला इथल्या मातीने दिलं. पण त्या ताटावर म्हणतो काय आपण? झाडाच्या फळाची बेराखा (आशीर्वचन), जमिनीतल्या पिकाची बेराखा, आणि एलियाहू हन्नाबीचं (एलियाहू प्रेषिताचं) गाणं, जे जगभरचे ज्यू शाब्बाथ संपताना गातात. मोरोक्कोचे ज्यू पेसाहचा सण संपला की मिमूना नावाचा सण करतात, तो काय तोरामध्ये, आपल्या मूळ धर्मग्रंथात, लिहिलाय का? तरी आता अख्खा इस्राएल मिमूनाची मिठाई खातो. मेंदी मोरोक्कोवालेही लावतात, येमेनवालेही. भावाला नसेल खायचा मलिदा तर नको खाऊ दे, पण आजी बेराखा म्हणेल तेव्हा त्याने आमेन म्हणावं, आणि मागच्या वेळचं बोलणं तिच्याजवळ बसून परत घ्यावं. हे त्याला तूच सांग, एकटीला गाठून, आत्या आणि पप्पा समोर नकोत. आई-वडिलांचा मान दहा आज्ञांमध्ये आहे, त्या त्याला पाठ आहेत.

आता तुझं. "आपल्यातली राहणार नाहीस" हे शास्त्राप्रमाणेही खरं नाही. आई ज्यू असली की मूल ज्यू, बाप कोणी का असेना, तुझ्या भावाचे अतिशय कडक रब्बीसुद्धा हेच म्हणतील. पण खोटी आशाही देणार नाही, परंपरेने चालणाऱ्या सिनेगॉगमध्ये तुझं लग्न लागणार नाही, १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली रजिस्टर करावं लागेल, त्याला ३० दिवसांची नोटीस असते. आणि फक्त भावाचं तोंड बंद करायला त्या मुलाला धर्म बदल म्हणून सांगू नकोस, मन नसताना घेतलेला धर्म रब्बींनाही नको असतो. त्यापेक्षा तुम्ही दोघं बसून बोला, शुक्रवारी दिवे लावायचे का, मुलगा झाला तर मिला (सुंता) करायची का, गणपतीत त्याच्या घरी तू काय करणार. आत्ता अवघड वाटेल पण लग्नानंतर हे जास्त महाग पडतं.

आणि आजीला हे तुझ्याकडून कळलं पाहिजे, डिसेंबरच्या आधी, भावाच्या तोंडून नाही. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. तरी सांग. आईला बरोबर घेऊन बस.