‘बेल्ट दिला होता’ या एका वाक्यावर अडलेली भरपाई

प्रश्न: मी गवंडी आहे. माझा थोरला मुलगा एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकत होता. १८ जून २०२४ रोजी दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून तो पडला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. उजवा पंजा चेंदला. आता मूठ वळत नाही, थापी धरता येत नाही. ठेकेदार आमच्या गावचाच. त्यानं दवाखान्याचं बिल भरलं, ६०,००० रुपये दिले आणि तिसऱ्या दिवशी शंभराच्या स्टॅम्पवर माझी सही आणि मुलाचा अंगठा घेतला. त्यात लिहिलंय की सुरक्षेचा बेल्ट दिला असूनही मुलानं स्वतःच्या मर्जीनं लावला नाही, चूक त्याचीच, आणि यापुढे आमची काही मागणी नाही. आता काही मिळेल का? धाकटा १७ वर्षांचा आहे, तोही याच कामात यायचं म्हणतोय.

उत्तर: तुमचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा अपघाताला बावीस महिने होऊन गेले होते. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. म्हणजे १७ जून २०२६ च्या आत अर्ज दाखल झालाच पाहिजे. सबळ कारण असेल तर उशीर माफ करता येतो, पण त्या आशेवर एक दिवसही काढू नका. ‘गावचा माणूस आहे, दिवाळीनंतर बघू म्हणाला’ हे तुम्ही पत्रात लिहिलंय. मला त्याचा राग आला, आणि तो ठेकेदारापेक्षा तुमचा जास्त आला. वीस वर्षं भिंती ओळंब्यात बांधणारा माणूस तीन ओळींचा कागद न वाचता सही कशी करतो?

झालं ते झालं. आता त्या कागदाकडे नीट बघू.

त्यात दोन वाक्यं आहेत. तुम्हाला भीती वाटते ती दुसऱ्या वाक्याची, ‘यापुढे काही मागणी नाही’ याची. असे कागद घेऊन येणारा प्रत्येक जण त्याच वाक्यावर बोट ठेवतो. पण ते वाक्य पोकळ आहे. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद कलम २८ खाली आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे निवाडणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करावी लागते. ती केलेली नसेल तर कलम २९ प्रमाणे मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतो, आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर भरपाई म्हणून आधी दिलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त भाग त्याला वळता करून घेता येत नाही. म्हणजे तुमच्या ६०,००० पैकी फार तर ३०,००० वजा होतील. शंभराचा स्टॅम्प लावल्यानं कागदाला वजन येत नाही.

तुमचं प्रकरण अडतं ते पहिल्या वाक्यावर. ‘बेल्ट दिला असूनही स्वतःच्या मर्जीनं लावला नाही.’ हे वाक्य कुणीतरी कायदा समोर ठेवून लिहून घेतलंय.

कलम ३ मध्ये मालकाला भरपाईतून सुटायच्या मोजक्याच वाटा आहेत. एक, कामगार नशेत होता. दुसरी, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा स्पष्टपणे केलेला नियम त्यानं बुद्धिपुरस्सर मोडला. तिसरी, सुरक्षेसाठी दिलेलं साधन, ते त्यासाठीच दिलंय हे माहीत असताना, त्यानं बुद्धिपुरस्सर काढून टाकलं किंवा धुडकावलं. शिवाय अपघात थेट त्याच कारणानं झालेला हवा. हे सगळं सिद्ध करायचा भार मालकावर असतो. या कलमात सगळ्यात जड शब्द आहे ‘बुद्धिपुरस्सर’. निष्काळजीपणा म्हणजे बुद्धिपुरस्सर नव्हे. घाई, सवय, अंगात नसलेली शिस्त, इतर कुणीच लावत नाही म्हणून न लावणं, यातलं काहीही या शब्दात सहज बसत नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. तुमचा सगळा दावा त्या ओळीवर उभा राहू शकतो. तुमचा मुलगा पहिल्या आठवड्यात बेल्ट लावत होता. तेव्हा मिस्त्री म्हणाला, ‘बेल्टानं हात अडतो, काढून ठेव, असा शिकलास तर जन्मभर बिगारीच राहशील.’ हे खरं असेल आणि शपथेवर सांगता येत असेल, तर बेल्ट न लावण्यात मुलानं काय मोडलं? ज्याच्या हुकमात तो दिवसभर होता, त्याचंच त्यानं ऐकलं. बांधकामात शिकणाऱ्या पोराला पुस्तक नसतं. मिस्त्री विटेला थापी कशी लावतो ते तो बघतो, आणि मिस्त्री परांचीवर कसा चढतो तेही बघतो. दोन्ही गोष्टी एकाच डोळ्यानं शिकतो. कसलेला मिस्त्री जर बिनबेल्टचा वावरत असेल, तर फळ्यावर लिहिलेला नियम त्या पोरासाठी नियम उरतच नाही. हे मी कळवळून सांगतोय खरं, पण आयुक्तांपुढेही नेमकं हेच मांडायचं आहे: नियम कागदावर होता, साइटवर नव्हता.

म्हणून पुरावा गोळा करायचा तो याच बाजूनं. त्या दिवशी वर किती माणसं होती आणि साइटवर एकूण बेल्ट किती होते? बेल्ट खरेदीची बिलं मागवायला लावा. बारा माणसं वर आणि तीन बेल्ट असतील, तर ‘प्रत्येकाला बेल्ट दिला’ हे म्हणणं तिथेच कोसळतं. बेल्टचा हुक कशाला अडकवायचा होता? वर लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची दोरी, ओढलेली होती का? हुक अडकवायला जागाच नसेल तर बेल्ट म्हणजे कमरेची नुसती दोरी. आणि पडला तो कशानं? फळी सरकली, बांबूची गाठ सुटली, की तोल गेला? फळीच मोडली असेल तर ‘थेट बेल्टमुळे’ हे म्हणणं मालकाला बरंच जड जाईल.

मुलगा रोज सकाळी एका वहीत सही करायचा, असंही तुम्ही लिहिलंय. ती बहुधा टूलबॉक्स टॉकची, म्हणजे काम सुरू होण्याआधी सुरक्षेच्या सूचना देतात त्याची वही. ठेकेदाराचा वकील ती नक्की पुढे करेल. घाबरू नका, उलट मूळ वही हजर करायचा अर्ज तुम्हीच द्या. आठवड्याच्या सगळ्या सह्या एका बसणीत, एकाच पेनानं घेतलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. पण तुमच्या मुलानं खरोखर रोज समजावून घेऊन सही केली असेल, तर तेही मला आत्ताच सांगा. उलटतपासणीत ते पहिल्यांदा कळलं तर फार उशीर झालेला असेल.

मिस्त्री साक्षीला येईल का? बहुतेक येणार नाही, त्याचं पोट त्याच ठेकेदारावर आहे. त्याच्याबरोबर परांचीवर असलेले दुसरे दोघे शोधा. त्यातला एखादा आता दुसरीकडे काम करत असेल तर उत्तम.

या अडचणीला वळसा घालणारी आणखी एक वाट आहे, आणि ती बऱ्याच वकिलांच्याही नजरेतून सुटते. १९९५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३ मधला हा बचाव मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालतच नाही. तेव्हा मुलाचं अपंगत्व ‘पूर्ण’ ठरलं, तर बेल्टचं वाक्य आपोआप निकामी होतं. कायद्यात पूर्ण अपंगत्व म्हणजे अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता त्या सगळ्या कामांना मुकणं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांच्या पीठापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, हे न्यायालयानं मान्य केलं. तुमच्या मुलाचा हात जागेवर आहे आणि वय कमी आहे. ‘दुसरं काहीतरी करेल’ असं समोरून म्हटलं जाईल आणि आयुक्त ते मानूही शकतात. तरीही हा मुद्दा अर्जात घ्याच. त्यासाठी सरकारी दवाखान्यातला अपंगत्वाचा दाखला पुरणार नाही. तो शरीराचा टक्का सांगतो. आपल्याला हवा तो कमाईच्या क्षमतेचा टक्का. अस्थिरोगतज्ज्ञांकडून ‘या हातानं गवंडीकाम, सेंट्रिंग, ओझं उचलणं शक्य नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि ते साक्षीला येतील का तेही तेव्हाच विचारा.

रकमेचा अंदाज हवा म्हणून हिशेब देतो. महिन्याची मजुरी साधारण १२,००० रुपये धरली, तर पूर्ण अपंगत्वाला त्याचे ६० टक्के, म्हणजे ७,२००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला १९ वर्षं वयाचा गुणक २२५.२२. होतात १६,२१,५८४ रुपये. पंजा कायमचा पूर्ण निकामी धरला तर कायद्याच्या परिशिष्टात त्याला ६० टक्के आहेत, म्हणजे सुमारे ९,७२,९५०. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज. विनाकारण थकवल्याबद्दल ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो, पण दंडाची खात्री मी देणार नाही. तुमच्या हातात पडले ६०,०००. मजुरी रोख मिळत होती, म्हणून मुकादमाच्या हजेरीवहीचे फोटो आणि मोबाइलवर आलेले पैसे, जे असेल ते जपून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. ‘तो कामगार नव्हता, शिकत होता, खर्चापुरते पैसे द्यायचो’ असं ठेकेदार म्हणेल. म्हणू दे. शिकाऊ उमेदवारीचा नोंदलेला करार नाही, तेव्हा तो साधा कामगारच. करार असता तरी शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ च्या कलम १६ नं याच पद्धतीची भरपाई दिली असती. बिल्डरलाही सामनेवाला करा. कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या माणसाची भरपाई त्याच्याकडूनही मागता येते, नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करेल. गावातले संबंध टिकवायची तुमची इच्छा असेल तर यानं थोडी मदतच होईल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे मुलाची नोंदणी होती का ते बघा. तिथली मदत वेगळी, ती मिळाली म्हणून ही भरपाई संपत नाही. पोलिसांत जायचं की नाही हे कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

दवाखान्याचा अगदी पहिला कागद मात्र आजच मिळवा. त्यावर ‘कामावर उंचीवरून पडला’ असं आहे की ‘घरी जिन्यावरून पडला’? ठेकेदाराचा माणूस सोबत असला की दुसरं वाक्य लिहिलं जातं, आणि ते खोडून काढायला पुढे वर्ष जातं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्याप्रमाणे मोजला जावा असं माझं मत आहे. अर्ज नेमका कुणापुढे आणि कोणत्या नमुन्यात द्यायचा हे जिल्ह्याच्या कामगार न्यायालयाच्या कचेरीत आधी विचारून घ्या. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे दावा चालतो. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कलम २५-अ म्हणतं. माझ्याकडचे असे दावे तीन-तीन वर्षं चालले आहेत. नोटीस बजावली गेली नाही, विमा कंपनीचा वकील आला नाही, साहेब रजेवर, यातच पहिलं वर्ष जातं. कायद्यानं कामगारासाठी वेगळी, झटपट वाट काढली आणि आपण तिला नेहमीच्या दिवाणी खटल्याच्या रांगेत नेऊन उभं केलं. मला याची चीड आहे, तुम्हालाही येईल. पण प्रत्येक तारखेला हजर राहा.

आता धाकट्याचं. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला परांचीवर चढवू नका. काम शिकायचं तर आयटीआयमध्ये किंवा नोंदलेल्या शिकाऊ उमेदवारीच्या करारावर शिकू दे. पुढे कामाला लागेल तेव्हा नियुक्तिपत्र मागा. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ते देणं मालकाचं कर्तव्य आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतःही कधी बेल्ट लावला नाही. लावायला लागा. तुमच्या हाताखाली आज जी दोन पोरं आहेत, ती तुमच्याकडे बघून चढतात. आणि त्यातल्या कुणाला ‘काढून ठेव’ म्हणालात तर उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात मिस्त्री म्हणून तुम्ही असाल.

येताना मुलाला बरोबर आणा. १९ व्या वर्षी तो सज्ञान होता, त्यामुळे त्या कागदावरच्या तुमच्या सहीनं तो बांधला जात नाही. प्रश्न आहे तो त्याच्या अंगठ्याचा. तिसऱ्या दिवशी त्याला कोणती औषधं चालू होती, कागद त्याला कुणी वाचून दाखवला, खोलीत कोण होतं, हे त्याच्याच तोंडून ऐकायचंय. दवाखान्याची त्या दिवसाची औषधांची नोंदही काढा. अर्जावर सही त्याची लागेल. डाव्या हातानं केली तरी चालते.